पाठीवरची चेन

१

सकाळचा चहा झाला की तालाय अंगणात पाठमोरा उभा राहायचा आणि बुरुल त्याच्या पाठीवरची चेन लावायची. लग्नापासूनचा नेम होता तो.

पाण्याखाली जायचा सूट म्हणजे साधं कापड नव्हे. जाड, काळा, गोधडीसारखा जड, मानेला आणि मनगटाला रबराची घट्ट पट्टी. आत थेंब शिरता कामा नये, कारण सरोवराचं पाणी ऐन उन्हाळ्यातसुद्धा हाडं गोठवतं. आणि त्याची चेन पाठीवर आडवी, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. ज्यानं सूट घातला त्याला ती लावता येत नाही आणि काढताही येत नाही. दुसऱ्याचा हात लागतोच. या घरात तो हात बुरुलचा होता.

चेनीच्या दातांवरून ती आधी मेणबत्ती फिरवायची, मग एका हातानं खांदा धरून दुसऱ्या हातानं ओढायची. तालाय म्हणायचा, "घट्ट बांध गं केलिन, नाहीतर पळून जाईन." केलिन म्हणजे सून. घरातली सगळी तिला तशीच हाक मारत, म्हणून तोही चिडवायला तेच म्हणायचा. त्यांची छकुली उमसुनाई रांगत येऊन बापाच्या रबरी पायावर थापट्या मारायची. मग तो उतारावरून खाली धक्क्याकडे जायचा.

संध्याकाळी निथळत परत आला की पुन्हा पाठ करून उभा. तेव्हा मात्र तो खांदे जरा पुढे घ्यायचा, पाठ गोल करायचा. तसं केलं की चेनीवरचा ताण जातो आणि ओढणारीला सोपं पडतं. बुरुलला तो क्षण फार आवडायचा. माणूस घरी आला, खांदे पुढे घेतले, आता सोडवायचा.

"रोज नवऱ्याला पोत्यात भरतेस," तिची सासू सायकाल अपा चुलीपाशी बसून म्हणायची. "एक दिवस तोंड शिवून बाजारात नेशील."

"कोण घेणार अपा यांना?" बुरुल म्हणायची. "हाडंच जास्त."

पण हसता हसता ती सूटाची मान चाचपायची. जुन्या सूटाचं मानेचं रबर फाटलं होतं. या वसंतात एकदा तालाय वर आला तो ओठ निळे घेऊनच, चहाचा वाडगा हातात ठरेना. श्वास घ्यायचं यंत्र हवेबरोबर पाण्याचे घोटही द्यायला लागलं होतं. रात्री लेकीच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची तिला सवय होती. बाळंतपणापासून लागलेला चाळा. आता ती तेच बोट निजलेल्या नवऱ्याच्या नाकाखालीही धरायला लागली होती.

२

नवं सामान घ्यायलाच हवं होतं, यावर कुणाचं दुमत नव्हतं. कुठून घ्यायचं यावर घरात आठवडाभर रण माजलं.

राजधानीतल्या दुकानात सूट, यंत्र आणि हवेचं जाकीट असा सगळा संच मिळत होता. पण त्यासाठी दोन घोड्या विकाव्या लागल्या असत्या. घरात घोडी एकच, तीही अपाची. बुरुलनं मग फोनवर शोधलं. वापरलेलं सामान लोक फोटो टाकून विकतात, तिथे तसाच संच तिसऱ्या हिश्श्यात दिसला. वाचलेल्या पैशात मेंढा आला असता. उमसुनाई आता उभी राहू लागली होती, पहिलं पाऊल टाकलं की तिच्या पायातली दोरी कापायचा सोहळा करायचा होता आणि आख्खं गाव जेवायला येणार होतं.

ओरोझ बाइके चहाला आले. त्या किनाऱ्यावरचे सगळ्यात जुने पाणबुडे तेच, म्हणून सगळे त्यांना बाइके, म्हणजे दादा, म्हणत. तालायला त्यांनीच शिकवलं होतं. वर्षानुवर्षं खोल जाऊन एक कान गेला होता, त्यामुळे ते साधं बोलले तरी भांडल्यासारखं वाटायचं.

"स्वस्त मटणाच्या रश्श्याला चव नसते!" ते गरजले.

"बाइके, दुकानातल्या मटणाला तर मला हातही लावता येत नाही," तालाय म्हणाला.

"ऐक. रबर न वापरताही म्हातारं होतं, माझ्यासारखं. फोटोत ते कळत नाही. यंत्र नकली असलं तर काठावर छान चालतं आणि खाली गेल्यावर खरं बोलतं. तिथे तुला भांडायला वेळ नसतो. बिघडलं तर त्याचे सुटे भाग कोण देणार? आणि दुकानदाराच्या तोंडावर सामान फेकून मारता येतं. इथे काय, फोनला शिव्या देणार?"

"जुन्या सूटात तरी कुठे जीव सुरक्षित आहे?" बुरुल म्हणाली. उमसुनाईच्या तोंडातून तळलेल्या पिठाच्या बोर्सोकचा तुकडा काढत होती ती, मोठा होता, घशात अडकला असता. "तो फाटलेला. दुकानातला परवडत नाही. मोसम तोंडावर आलाय. बाइके, तुम्हीच सांगा, यातलं कमी वाईट काय?"

ओरोझ बाइकेंनी बोर्सोक मुरांब्यात बुडवला आणि बराच वेळ चघळला. "मागव," ते शेवटी म्हणाले. "यंत्र मी खोलून तपासीन. रबर मी ओढून बघीन. मी हो म्हणेपर्यंत पोरानं पाण्यात पाय घालायचा नाही."

विकणाऱ्याला बुरुलनंच विचारलं, का विकताय. उत्तर आलं, "आता कुणाला होत नाही."

"पोट सुटलं असेल बिचाऱ्याचं," तालाय हसला.

बुरुलनं फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. निळ्या गालिच्यावर सूट पालथा ठेवला होता. चेन लावलेली होती.

३

सामान शहराच्या व्हॅनमधून आलं. ड्रायव्हरनं पोतं उतरवताना कण्हून घेतलं.

"काय मागवलंय वहिनी, मेंढा? सारखा सीटवरून घसरत होता. शेवटी पट्टा लावून बसवला त्याला शेजारी." स्वतःच्याच बोलण्यावर तो हसला. "गारा काय पडल्या घाटात! हीटर बंद पडलाय, बोटं बघा माझी."

तालाय तेव्हा धक्क्यावर होता. बुरुलनं पोतं सोडलं. आधी यंत्र, मग जाकीट, आणि खाली सूट, फोटोतल्यासारखाच, चेन लावलेला. चांगला होता. कुठे ठिगळ नाही, रबर मऊ. तिला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. तिनं गुडघ्यावर बसून चेन धरली आणि एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत उघडली.

आतून हवा बाहेर आली. हळू, लांब, दमलेल्या माणसानं बसता बसता सोडावी तशी.

हवा तर असणारच, तिनं स्वतःला सांगितलं. बंद होता ना इतके दिवस. आतून ओलसर आहे का बघावं म्हणून तिनं कोपरापर्यंत हात घातला.

आत ऊब होती.

हात तसाच राहिला तिचा. ती ऊब तिच्या ओळखीची होती. पहाटे तालाय उठून गेला की त्याच्या बाजूची गादी अशीच लागायची. तिनं हात झटकन बाहेर ओढला, झग्याला पुसला, आणि पुसलं का ते तिचं तिलाच कळेना. हाताला काहीच लागलं नव्हतं.

"ऊन लागलं असेल व्हॅनमध्ये," संध्याकाळी तालाय म्हणाला. "काळं रबर आहे, लगेच तापतं."

बुरुल बरं म्हणाली. ड्रायव्हरची लाल बोटं आणि टपावरच्या न वितळलेल्या गारा तिला आठवत होत्या. पण पोतं आतल्या बाजूला असेल. इंजिनजवळ असेल. असंच काहीतरी असेल.

४

ओरोझ बाइकेंनी यंत्र टेबलावर पसरलं, तपकिरी कागदावर एकेक भाग मांडला, फुंकलं, पुसलं, चाखल्यासारखं करून पाहिलं. रबर ताणलं. सूटात हवा भरून तो बुरुलच्या कपडे धुवायच्या टबात दाबला. एक बुडबुडा आला नाही.

"कुत बोल्सुन," ते म्हणाले. नवी वस्तू लाभो, असं म्हणायची रीत आहे. मग दाढी खाजवत राहिले. "मी शंभर ठिकाणी खोट शोधली. एक नाही. इतकं चांगलं सामान या भावात कोण देतं?"

"चांगली माणसं असतात बाइके जगात," तालाय म्हणाला.

सूट त्याला शिवून घेतल्यासारखा बसला. पहिल्या दिवशी तो वर आला ते गात. आतला लोकरी सदरासुद्धा कोरडा. त्या रात्री बुरुलनं बोट धरलं नाही कुणाच्या नाकाखाली. गाढ झोपली.

सूट कोठारात टांगायचा, पाय वर, डोकं खाली, आणि चेन उघडी ठेवायची म्हणजे आतला घाम सुकतो. ते काम बुरुलचंच. दुसऱ्या दिवशी सकाळी ती न्यायला गेली तर चेन लावलेली.

"अपा, तुम्ही लावलीत?"

"मला बटण लावता येईना झालंय, चेन कुठली लावतेय!"

तालायनंही लावली नव्हती. रबर सुकताना आकसत असेल, ओढलं जात असेल, बुरुलनं ठरवलं. त्या संध्याकाळी तिनं मुद्दाम पूर्ण उघडी ठेवली, दोन्ही कडा बाहेर मुडपून. सकाळी पुन्हा लागलेली. नीट, शेवटच्या दातापर्यंत.

तिनं दातांवरून बोट फिरवलं. बोटाला मेण लागलं, ताजं. पण बुरुल वापरायची ती मेणबत्ती पांढरी होती, दुकानातली. हे मेण पिवळं होतं आणि त्याला मधाचा वास येत होता.

घरात मधाचं पोळं नव्हतं. शेजारीपाजारीही नव्हतं. ती कोठाराच्या दारात उभी राहिली आणि किती वेळ झाला तरी तिला आत पाऊल टाकवेना. उलटा टांगलेला सूट अगदी स्थिर होता. वारा नव्हता म्हणून स्थिर होता. वारा असता तर हलला असता. यात काय एवढं?

५

हे सगळं तिनं सासूला सांगितलं नाही. फक्त मेणाचं विचारलं. पण सायकाल अपानं कणीक मळता मळता हात थांबवले.

"माणूस गेला की त्याचे कपडे कुणाला मिळतात, केलिन?"

"त्याला न्हाऊ घालणाऱ्यांना."

"आणि विकत कुणी घेतं का?"

"अपा, तो माणूस जिवंत असेल हो! जाडा झाला असेल."

"मग विचार की. फोन काय नुसता मिरवायला आहे?"

बुरुल अंगणात गेली, उन्हात. नंबर लावला. बाईचा आवाज आला, तरुण, तिच्याच वयाची असावी. बुरुलनं नाव-गाव सांगितलं, सूट छान आहे म्हणाली, आणि पुढे काय बोलावं ते सुचेना तेव्हा म्हणाली, "चेन जरा अडकते."

"अडकायची नाही," बाई म्हणाली. "मी रोज मेण लावायचे. पोळ्याचं, माझ्या माहेरचं." मग एकदम, "तुम्ही उघडलीत?"

"अगं बाई, उघडल्याशिवाय माणूस आत शिरणार कसा?"

पलीकडे नुसता श्वास.

"मी नव्हती उघडली," बाई म्हणाली.

"ताई, राग मानू नका. तुमचे मालक... वारले का?"

"नाही हो. सापडले नाहीत."

"मग सूट?"

"सूट आला. संध्याकाळी धक्क्याला येऊन लागला. चेन लावलेली होती, सकाळी मी लावली होती तश्शी. सगळे म्हणाले, उघडून बघ. माझा हात होईना." तिचा आवाज अगदी खाली गेला. "ताई, तुमच्याकडे तरी..."

फोन तुटला. बुरुलनं पुन्हा लावला, पुन्हा लावला. कुणी उचलला नाही. फोटोही तिथून गेला होता.

तालायनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दुःखात माणूस काहीही बोलतो. लावलेल्या सूटातून कुणी बाहेर पडेल का? नंतर कुणीतरी लावली असणार." पण त्यानं सूटाकडे पाहिलं नाही. परत द्यावा तर घेणारी बाई फोन उचलत नव्हती. वापरू नये तर जुना फाटका सूट होता, आणि काठावरची पाहुण्यांची घरं उन्हाळी गिऱ्हाइकांची वाट बघत होती, पोहणाऱ्यांना हद्द दाखवणारी तरंगती पिंपं तळाशी बांधून द्यायचा शब्द तालायनं त्यांना दिलेला.

तोडगा अपानं काढला. "धुऊन घ्या. रीतीनं. न्हाऊ घातलं की कपडे आपले झाले, त्याचं देणं राहत नाही."

"पुरुषाला पुरुष धुतात," ओरोझ बाइके म्हणाले. "आणि नसलेला मुडदा मी धुणार नाही. माझं वय झालंय, मला लवकरच खरे लोक भेटायचेत."

"मीही नाही," तालाय म्हणाला. "ही काय थेरं!"

"मग कपडेच आहेत," अपा म्हणाली. "कपडे बायका धुतात. केलिन, तांब्या आण."

बुरुलनं धुतला. अंगणात फळीवर निजवून, अर्चा नावाच्या डोंगरी झुडपाच्या पाल्याची धुरी देऊन, आधी उजवी बाजू, मग डावी. अपा बाजूला बसून पुटपुटत होती. पाणी कोमट होतं, बुरुलनं कोपर बुडवून पाहिलं होतं, लेकीच्या आंघोळीला पाहायची तसं. मानेतून ओतलेलं ते पाणी मनगटातून बाहेर आलं तेव्हा बर्फासारखं गार होतं. त्याबरोबर काळी वाळू आली. या काठाची वाळू पिवळी आहे.

तिनं ती पायानं मातीत सारून टाकली आणि कुणाला दाखवली नाही.

"झालं," अपा म्हणाली. "आता तू धुतलेस, तुझे झाले."

६

आणि खरंच, त्यानंतर चेन उघडी ठेवली की उघडीच राहायला लागली. पिंपं बांधून झाली, पैसे आले, मेंढा ठरवून ठेवला. उमसुनाई भिंत धरून चालायला लागली. बुरुल स्वतःलाच हसायची, काय काय मनात आणलं आपण.

त्या सकाळी चहाचे वाडगे विसळून ती अंगणात आली तर तो उभाच होता. पाठमोरा, सूट चढवलेला, चेन उघडी, नेहमीच्या जागी.

"आज फार घाई?" ती म्हणाली आणि खिशातली मेणबत्ती काढली.

तो बोलला नाही. चूल धूर करत असल्यानं घरात सकाळपासून अपाची कटकट चालली होती, चिडला असेल. उमसुनाई भिंतीशी बसली होती. ती आली नाही पायाशी. अंगठा तोंडात घालून नुसती बघत होती.

बुरुलनं मेण फिरवलं. मानेवरचे केस ओले होते, तोंड धुतलं असेल. खांद्यावर डावा हात ठेवला आणि उजव्यानं ओढायला सुरुवात केली. चेन लोण्यातून सुरी जावी तशी सरकली.

"आज पळून नाही का जाणार?"

काही नाही. तिचा तळवा पाठीवर होता आणि तळव्याखाली काहीतरी चुकत होतं. आधी तिला कळलं नाही काय. इतक्या रात्री बोट धरून धरून तिच्या हाताला आपोआप वाट बघायची सवय लागली होती, पाठ वर येण्याची, खाली जाण्याची. पाठ वर येत नव्हती.

तिनं शेवटचा दात लावला. तेव्हा पाठ एकदाच वर आली. सावकाश. खूप सावकाश खाली गेली.

मग तो वळला नाही, काही नाही, तसाच फाटकातून उतारावर चालायला लागला. चालणं जड. सूट घातला की सगळेच जड चालतात.

बुरुल मेणबत्ती खिशात ठेवत होती तेवढ्यात तबेल्याचं दार करकरलं. तालाय बाहेर आला. अंगात जुना स्वेटर, हातात घोडीच्या दुधाची बादली, केसांत गवत.

"आज आटवलं हिनं दूध," तो म्हणाला. "बुरुल? अगं, काय झालं? माझा सूट कुठे टांगलास?"

तिनं उताराकडे बोट केलं. स्वतःचा तो हात तिनं पाहिला आणि तो आपला आहे असं तिला वाटेना.

७

"चोर!" तालाय ओरडला. "अरे चोर! भरदिवसा!"

तो धावला ते धक्क्यावरच थांबला. ओरोझ बाइके तिथे जाळं सोडवत बसले होते, तोंड उघडं टाकून पाण्याकडे बघत.

"तू इथे कसा?" त्यांनी तालायला विचारलं आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक होता. "आत्ता माझ्यासमोरून गेलास. मी सलाम केला. उत्तर नाही दिलंस. ना सिलिंडर, ना यंत्र. धक्क्याच्या टोकाला गेलास आणि पाऊल पुढे टाकलंस, पायरी उतरावी तसं."

तालायनं ऐकून घेतलं नाही. उलटपावली घरी पळाला आणि जुना फाटका सूट घेऊन आला, धावता धावताच पाय घालत. मागून बुरुल आली, लेकीला काखेत घट्ट दाबून. त्यानं हात घातले, डोकं बाहेर काढलं आणि तिच्याकडे पाठ केली.

"लाव."

"नाही."

"बुरुल, वेळ नाही! कोण का असेना, माणूस बुडतोय खाली! आणि माझा सूट आहे तो. लाव चेन!"

"नाही लावणार."

"डोकं फिरलंय का तुझं? बाइके, तुम्ही लावा."

"माझ्या हाताला ताकद नाही," ओरोझ बाइके म्हणाले. बैल दावणीला ओढणारे हात ते. त्यांनी मांडीखाली दाबून धरले.

"अहो, ऐका," बुरुल म्हणाली. "मी लावली. आत्ता, अंगणात. मी लावली त्याची चेन. माझा हात होता पाठीवर." तिनं लेकीला दुसऱ्या काखेत घेतलं. "तुम्ही पाण्यात जायचं नाही. मला मारा हवं तर. हा सूट मी लावणार नाही आणि उघड्या पाठीनं तुम्हाला जाता येणार नाही."

तालाय तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग फळ्यांवर बसला. जुन्या सूटाची उघडी पाठ वाऱ्यावर फडफडत होती.

पाणी त्या दिवशी काचेसारखं होतं. पलीकडच्या डोंगरावरचं बर्फ त्यात उलटं दिसत होतं. घरून अपाची हाक आली, पुन्हा आली. उमसुनाई खांद्यावर झोपून गेली. सूर्य माथ्यावरून कलला तेव्हा ओरोझ बाइके उठून उभे राहिले.

काळं काहीतरी वर आलं होतं. पालथं, हातपाय पसरलेलं, लाट नसताना काठाकडे येत होतं. धक्क्याच्या खांबाला येऊन टेकलं आणि थांबलं.

तालायनं आकडा टाकला. ओढला. "पाणी भरलंय," तो धापा टाकत म्हणाला. ओरोझ बाइकेंनी दुसरा हात धरला. दोघांनी मिळून वर घेतला आणि फळ्यांवर पालथा टाकला तेव्हा धक्का कुरकुरला. बाह्या चपट्या होत्या. पाय चपटे होते. मानेचं रबर बिळासारखं उघडं, आत काळोख. चेन शेवटच्या दातापर्यंत लावलेली होती.

"रिकामा आहे," तालाय म्हणाला आणि खुळ्यासारखा हसला. "आत कुणी नाही. बघ! चोर सुटला असेल कसातरी, पोहून गेला असेल तिकडे. सूट मिळाला ना आपल्याला? एवढे पैसे घातलेत. पाणी काढून टाकू, सुकवू. उघड, बुरुल."

एवढं पाणी भरलं होतं तर मानेतून का वाहत नव्हतं? फळ्या कोरड्या होत्या. तिनं ते पाहिलं. ओरोझ बाइकेंनीही पाहिलं, एक पाऊल मागे सरकले.

बुरुलचा हात पुढे गेला होता. रोज संध्याकाळी जायचा तसाच, तिला न विचारता. चेनीच्या मुठीपासून वीतभर अंतरावर तिनं तो दुसऱ्या हातानं धरून थांबवला.

"नाही," ती म्हणाली.

"मग मीच उघडतो," तालाय म्हणाला आणि वाकला. तिनं लेकीसकट पुढे पडून त्याचं मनगट पकडलं, नखं रुतेपर्यंत. उमसुनाई दचकून जागी झाली आणि रडायला लागली. त्या रडण्यात तिघंही जागच्या जागी राहिले, पालथ्या सूटाकडे बघत.

फळ्यांवर पालथं पडल्या पडल्या त्यानं पाठ गोल केली. मग खांदे हळूच पुढे घेतले, बुरुलला सोपं पडावं म्हणून.